पुलावर थांबायचे होते

मित्रांनो, जुन्या थर्मासमधला चहा लवकर गार होतो, असे लोक म्हणतात. मी जुना आहे. हिरव्या पत्र्याचे अंग, तळाशी गंज, एका बाजूला पोचा. चहापुरते लोकांचे म्हणणे खरे आहे. पण माझ्यात चहाखेरीज आणखीही काही भरले गेले होते, आणि ते अजून वाफाळते आहे. ते कोणी भरले आणि मी ते कुठे सांडले, एवढेच आज सांगायचे आहे. गोड गोष्ट हवी असेल तर शेजारी टांगलेल्या छत्रीला विचारा. ती स्वभावाने मऊ आहे.

माझा जन्म एका लांबट, पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात झाला. कारागिराने काचेची एक बाटली दुसऱ्या बाटलीत बसवली, तोंडे जुळवली आणि दोघींमधली हवा ओढून घेतली. या पोकळीमुळे आत घातलेली ऊब बाहेर पडत नाही. लोक याला गुण म्हणतात. चहाच्या बाबतीत तो गुणच आहे.

मला विकत घेतले ते शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने. दुकानात त्याने मला कानाशी धरून हलवले, बोटाच्या पेराने टकटक केली आणि आवाज ऐकून मान डोलावली. त्याच्या बायकोने फक्त माझे झाकण पाहिले. ते पेल्यासारखे होते. "दोन घोट मावतात. बास झाले," ती म्हणाली. त्यांचा लहान मुलगा तेवढ्यात तीनदा विचारून मोकळा झाला होता, की घरी कधी जायचे.

तळमजल्यावर वर्कशॉप, वर दोन खोल्या, दारात एक जुनी गाडी. आठवडाभर त्या गाडीत मागची सीट नसे, कारण तिथे मशीन ठेवावी लागत. वर्षातून एकदा मावशीच्या गावाला जायचे ठरले, की वडील ती सीट माळ्यावरून उतरवत आणि पान्याने नटबोल्ट आवळून बसवत. सीट बसली की प्रवास पक्का. मग मला फडताळातून काढले जाई.

मला भरण्याची त्यांची एक रीत होती. आई आधी कोमट पाणी माझ्यात घाली, गोल फिरवी आणि ओतून टाकी. मगच उकळता चहा. "एकदम गरम ओतलं तर काच दचकते," असे वडील म्हणत. मशीनच्या बाबतीतही त्यांचे तेच मत होते, आणि माणसांच्याही.

गाडीत पुढे बसणाऱ्याला ते जागल्या म्हणत. जागल्याची कामे दोन. मला मांडीवर धरायचे, आणि गाडी चालवणाऱ्याला पेंग येऊ नये म्हणून प्रश्न विचारत राहायचे. उत्तर टाळण्याची मुभा नव्हती. एकदा आईने विचारले, "माझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही जेवायला का बसला नव्हता?" इतक्या वर्षांनी वडिलांना खरे सांगावे लागले. आईच्या लांबच्या भावाने त्यांना भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर समजून गाडी जरा पुढे घ्यायला सांगितले होते. "मग तुम्ही काय केलंत?" "घेतली पुढे. काय करणार?" आई इतकी हसली, की मी तिच्या मांडीवरून घसरलो.

मागे मुलगा खिडकीला नाक लावून बसे आणि दर वळणावर विचारी, "पोचलो का?" वडिलांनी त्याचे नावच पोचलोकाराव ठेवले होते. मीही त्याला तेच म्हणणार आहे. खरे नाव घेण्याइतका मान मी त्याला अजून दिलेला नाही.

अर्ध्या वाटेवर एक लांब पूल लागे. पुलाअलीकडे गतिरोधक, तो ओलांडला की डावीकडे सपाट जागा, दगडी कठडा आणि खाली संथ नदी. गाडी तिथे थांबलीच पाहिजे, असा घरचा कायदा होता. कायद्याची कलमे साधी होती. चहा जमिनीला पाय लावून प्यायचा. झाकण एकच, ते हातोहात फिरवायचे. पहिला घोट गाडी चालवणाऱ्याचा. चहाआधी वडील गाडीभोवती फिरून प्रत्येक टायरवर बोटाच्या पेरांनी टकटक करत, मान तिरकी करून ऐकत आणि मगच कठड्याला टेकत.

आईने एकदा विचारले, इथेच का थांबायचे? नदी तर पुढेही दिसते. वडील म्हणाले, "दुकानात मला सगळे हाक मारतात. तुझ्या बहिणीकडे आपण पाहुणे. इथं मला कोणी हाक मारत नाही, आणि तुम्ही दोघं हाताशी आहात. अजून काय पाहिजे?"

याच कठड्यावर पोचलोकारावाने मला आपटले. पळताना त्याचा धक्का लागला, मी पडलो, अंगाला पोचा आला आणि आतल्या काचेवर केसासारखी एक रेघ उमटली. कोणी त्याला रागावले नाही. वडिलांनी मला कानाशी धरून ऐकले. "जपून वापरला तर चालेल," एवढेच ते म्हणाले. मीही रागावलो नाही. मुलांकडून होते असे. माझा राग एवढ्या स्वस्तात मिळत नाही.

पोचलोकाराव मोठा झाला. त्याला मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी लागली. कोणता ट्रक कुठे कधी पोचेल हे बसवायचे आणि वाटेतला थांबा कसा कापता येईल हे शोधायचे, हे त्याचे काम. त्यात तो हुशार निघाला. त्याने चंदेरी रंगाची मोठी गाडी घेतली. तिच्या पडद्यावर पोचायची वेळ दिसते. तो त्या पडद्याशी शर्यत लावतो आणि जिंकला की स्टिअरिंगवर थाप मारतो. हरणारा पडदा काही बोलत नाही. तोही माझ्यासारखाच आहे, त्यालाही सगळे आठवत असेल.

वडील थकले, तेव्हा मावशीकडे न्यायचे काम या चंदेरी गाडीकडे आले. त्या वेळी वडील पुढे बसले होते, मला मांडीवर घेऊन. जागल्याच्या नेमाने त्यांनी दोन प्रश्न विचारले. पोचलोकाराव कानात यंत्र घालून ऑफिसशी बोलत होता. पूल दिसू लागला तेव्हा वडील म्हणाले, "थांबशील ना रे?"

"बघू," तो म्हणाला.

मित्रांनो, हा शब्द नीट लक्षात ठेवा. 'नाही' म्हटले तर माणूस भांडतो, निदान रुसतो तरी. 'बघू' म्हटल्यावर समोरचा वाट पाहत बसतो. वडील वाट पाहत बसले. गतिरोधक गेला, कठडा आला आणि गेला. वडिलांनी मान वळवली, कठडा दिसेनासा होईपर्यंत पाहिले, आणि मग बोटांच्या पेरांनी दारावर हलकेच टकटक केली. पोचलोकारावाने विचारले, "काही वाजतंय का?" वडील म्हणाले, "नाही, नीट आहे सगळं."

तो चहा कोणी प्यायलेच नाही. मावशीकडे पोचल्यावर आईने मला बेसिनमध्ये उपडे केले. वाफ तिच्या तोंडावर आली. "अजून गरम आहे हो," ती म्हणाली. वडील कपडेही न बदलता आडवे झाले होते. पुढच्या वर्षी मागची सीट माळ्यावरून उतरवायला ते राहिले नाहीत.

त्या दिवशी मी रिकामा झालो असे सगळ्यांना वाटले. चहा गेला होता. राग आत राहिला होता, आणि बूच मी स्वतः लावले होते.

वर्कशॉप गेले. जुनी गाडी गेली. आईने एकटीने राहून पाहिले, पण जिना चढवेना. पोचलोकाराव तिला कायमचे आपल्या शहरात न्यायला आला. शहराचा रस्ताही त्याच पुलावरून जाई. त्याची बायको आणि छोटी मुलगीही आली होती. बाहेरच्या खोलीत त्याने दोन ढीग केले, न्यायचा आणि टाकायचा. मी कोणत्या ढिगात होतो हे विचारण्याची गरज नाही. माझे झाकण तेवढे आईच्या पर्समध्ये होते. ते ती तांदूळ मोजायला वापरी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई त्याला म्हणाली, "आता या रस्त्यानं परत काही मी यायची नाही. पुलावर थांबशील? झाकणभर चहा घेऊ."

"बघू."

आईने मान हलवली. या शब्दाचा अर्थ तिला एव्हाना कळला होता. मलाही.

सकाळी त्याच्या गाडीची समोरची काच धुळीने माखली होती, आणि काचेवर पाणी मारणारी टाकी गळत होती. त्याला भांडे हवे होते. त्याने ढिगातून मला उचलले, साबणाची भुकटी टाकली आणि किटलीतले उकळते पाणी थेट माझ्यात ओतले. कोमट पाणी नाही, फिरवणे नाही. मी रात्रभर गार फरशीवर होतो. माझी काच दचकली. केसासारखी रेघ बोटभर लांबली.

आईने ते पाहिले. "त्यात साबण नको रे घालूस," ती म्हणाली.

"आई, भंगारातच जायचाय तो. वाटेत काच पुसायला होईल."

आईने पर्स छातीशी धरली आणि मागे नातीशेजारी जाऊन बसली. मला बूच लावून डिकीत एका नव्या खोक्यावर आडवे टाकले होते. खोक्याला झाकण नव्हते. आत ऑफिसचे नवे कातडी बूट होते.

मित्रांनो, ज्याच्या अंगात वर्षानुवर्षे चहा होता, त्याला साबणाचा फेस पाजला म्हणजे काय होते, ते तुम्हाला कळणार नाही. पण मी घाई केली नाही. घाई हा त्याचा धंदा आहे. प्रत्येक खड्ड्याला रेघ थोडी पुढे सरकत होती आणि मी तिला धरून ठेवत होतो. काच कधी फुटावी हे काचेच्या हातात नसते, असे जाणकार सांगतात. सांगू देत. मी पुलाची वाट पाहत होतो.

पुढे सून जागल्याच्या जागेवर होती, पण तो नेम तिला कोणी सांगितला नव्हता. मागे नात विचारत होती, "आजी, पोचलो का?" आजी म्हणत होती, "नाही गं, अजून नाही." तिचा आवाज पूल जवळ येईल तसा बारीक होत गेला. पोचलोकारावाने पडद्याकडे पाहून सांगितले, की आपण वेळेच्या पुढे आहोत.

गतिरोधकाला गाडी मंदावली. पुढची चाके चढली, उतरली. मागची चढली. ती उतरताना मी सोडून दिले.

आवाज मोठा झाला. धाड करून. दोन काचांमधली पोकळी फुटते तेव्हा तो बंद डिकीत टायर फुटल्यासारखाच ऐकू येतो. पोचलोकारावाने ब्रेक दाबला आणि हळूहळू गाडी डावीकडे घेतली. सपाट जागा. दगडी कठडा. बरोबर तीच.

तो उतरला. पहिल्या टायरपाशी वाकला, काही दिसेना म्हणून बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक केली आणि मान तिरकी करून ऐकले. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. आपण कोणासारखे दिसतो आहोत, हे त्याला माहीत नव्हते. मागचे दार उघडून बसलेल्या बाईला ते माहीत होते. तिने आधी एक पाय जमिनीला लावला, मग दुसरा.

टायर धडधाकट होते. त्याने डिकी उघडली. माझे बूच उडाले होते आणि साबणाचे पाणी काचेच्या चुऱ्यासकट त्याच्या बुटांत उतरले होते. फेस अजून बसायचा होता. सून वाकून पाहू लागली. "अरे, बूट धुऊन निघाले की तुझे," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. मीही हसलो असतो, पण हसायला आतमध्ये काही शिल्लक नव्हते.

आई कठड्याला टेकली होती. तिने पर्समधून झाकण काढले, पदराने पुसले आणि सुनेला म्हणाली, "तुझ्या त्या चकचकीत थर्मासातला ओत गं थोडा." सुनेने ओतला. आईने झाकण पुढे केले.

"घे. गाडी चालवणाऱ्यानं आधी घ्यायचा."

मला वाटले होते, आता ती त्याला चार शब्द ऐकवेल. त्यासाठीच तर मी फुटलो होतो. तिने काही ऐकवले नाही. तो हातात फेसाळलेला बूट घेऊन उभा होता. त्याने बूट खाली ठेवला, झाकण घेतले, कठड्याकडे पाहिले, मग माझ्या पोच्याकडे. बराच वेळ त्याने घोट घेतलाच नाही. घेतल्यावर त्याने डोळे पुसले आणि चहा फार गरम आहे असे सांगितले. तो चहा कोमट होता, हे मी मुद्दाम नमूद करतो.

नात गाडीतून उतरून आजीला बिलगली. "आजी, पोचलो का?"

"हो," आजी म्हणाली. "पोचलो."

गाडीतला पडदा नवी वेळ दाखवत होता. ती पाहायला कोणी गेले नाही.

आता तुम्ही विचाराल, की फुटलेला थर्मास बोलतो कसा. शहरात पोचल्यावर पोचलोकारावाने दुकानामागून दुकान पालथे घातले आणि माझ्या मापाची नवी काच शोधून आणली. ती त्याने स्वतः बसवली. बसवण्याआधी कानाशी धरून टकटक केली. मी सध्या त्याच्या स्वयंपाकघरात, छत्रीशेजारच्या खुंटीवर आहे. छत्री म्हणते, सुधारला बिचारा, आता सोड. छत्रीला पाणी झटकून टाकायची सवय आहे. माझी घडण वेगळी आहे. काच नवी असली तरी पोचा जुनाच आहे, आणि चंदेरी गाडीत मान वळवून बसलेला तो माणूस मला रोज दिसतो.

अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने हात जोडून विनंती करायची असते, की आम्हाला जपा. मी हात जोडणार नाही. एवढेच सांगतो, की तुमच्याही घरात माळ्यावर, डिकीत, खाटेखाली कोणी ना कोणी गप्प पडून आहे. ते गप्प आहे म्हणून विसरले, असे समजू नका. आणि गाडीत कोणी थांबशील का असे विचारले, तर थांबा. निदान तोंडावर 'नाही' तरी म्हणा.

पुढच्या महिन्यात आईला मावशीकडे न्यायचे ठरले आहे. काल पोचलोकारावाने मला खुंटीवरून काढले, माझ्यात कोमट पाणी घालून गोल फिरवून पाहिले, आणि कोणी ऐकत नाही असे समजून हळूच म्हणाला, "माफ केलंस ना?"

बघू.