दादाचा नंबर

आमच्या दादाला आजारपण सोसतं, लाड सोसत नाहीत. न्यूमोनियातून उठतो न उठतो तोच हा गृहस्थ रविवारी सकाळी सायकल घेऊन माझ्या दारात हजर. वर मलाच दम देतो, "आज टेकडीवर मी माझा नंबर घेणार. नाही जमलं तर सायकल विकून टाकतो. ओझं होऊन कुणाच्या मागे फिरायचं नाही मला." आणि हा नुसता बोलत नाही, करतो. धाकटी बहीण म्हणून जन्म गेला माझा, मला विचारा. सायकल गेली तर हा आपल्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसत बसेल आणि त्यातच खचेल, याची मला धास्ती होती.

नंबराचं असं आहे. आम्ही चौघं एकामागे एक सायकल चालवतो. पुढचा सगळा वारा अंगावर घेतो, मागच्यांना आडोसा मिळतो. पुढचा दमला की कोपर हलवतो, बाजूला होऊन शेवटी जातो, आणि त्याच्या मागचा पुढे येतो. दादा, मी, आमचा बेकरीवाला आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, एवढाच आमचा गोतावळा.

आम्ही तिघांनी दादाच्या पाठीमागे खलबत केलं. त्याच्या पुढे जो असेल त्याने कोपर हलवायचंच नाही. फारच दमला तर मागून कुणीतरी पुढे घुसायचं. तीन शहाणी माणसं, आणि ही अक्कल.

निघताना कोवळं ऊन होतं. पूल ओलांडला तर धुकं, पुढच्या वळणावर बारीक गारा, आणि टोपी खाली ओढेपर्यंत पुन्हा ऊन. बेकरीवाला पुढे राहून राहून लालबुंद झाला. मग बाई "मला जरा पाय मोकळे करायचेत" म्हणत दादाला ओलांडून पुढे गेल्या. त्या थकल्यावर मी घुसले.

टेकडीचा चढ लागला आणि समोरून बोचरा वारा सुटला. मग माझ्या मागून दादा अगदी शांतपणे म्हणाला, "सायकलला कुणी गिऱ्हाईक असेल तर बघून ठेव."

असा संताप आला मला! त्याचा, आमच्या खलबताचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. याला जपता जपता आम्हीच याला घरी बसवत होतो. शिवाय खरं सांगायचं तर माझे गुडघे बोलायला लागले होते. मी कोपर हलवलं.

"अहो ताई, मी येतो ना पुढे," मागून बेकरीवाला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "दादा, मी दमलेय. ये पुढे."

मी बाजूला झाले. दादा पुढे आला. आजारात खांदे उतरलेले, जॅकेट अंगावर फडफडत होतं. मी सगळ्यांच्या शेवटी जाऊन त्याची पाठ बघत राहिले. तो दोनदा खोकला. माझ्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, पण मी ओठ घट्ट मिटून घेतले. निम्मा चढ त्याने ओढला. मग त्याचं कोपर हललं. बेकरीवाला पुढे गेला आणि दादा हळूहळू माझ्या मागे आला.

"अगं," तो धापा टाकत म्हणाला, "जरा हळू चालवायला सांग त्यांना. दम लागलाय मला."

हे वाक्य मी आयुष्यात त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हॉस्पिटलातसुद्धा नाही. मी पुढे हाक दिली, बेकरीवाल्याने वेग कमी केला. मी वळून पाहिलं नाही, कारण मला रडू येत होतं आणि त्याने ते पाहिलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "आता बेकरीवाल्यानंतर बाई, मग तू, मग मी. आणि यावेळी कुणी मध्ये घुसलं तर गाठ माझ्याशी आहे."