बोट बटणावर आहे तोवर

खाणीच्या वाटेवरच्या ड्रायव्हरांनी तिचं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं, तेही तिथे एकसुद्धा वायरलेस सेट आलेला नव्हता तेव्हापासून. त्यांचं चुकलं होतं असंही नाही. नवरा ट्रक चालवायचा आणि ती शेजारच्या सीटवर बसून बोलायची. फाटकावर गाडीची नोंद सांगायची ती, टायरवाल्याशी घासाघीस करायची ती, आणि आडमुठेपणानं समोर गाडी घालणाऱ्याचा उद्धारही तीच करायची. नवऱ्याचं काम एवढंच, की हसून मान डोलवायची.

तो मुका नव्हता, अडखळायचा. त्यातही 'प' आला की ओठ मिटायचे ते मिटायचेच, पावसाळ्यात फुगलेलं दार अडकून बसतं तसे. मग ती वाक्य पुरं करून टाकायची. 'पा' उमटायच्या आत पाण्याचा तांब्या समोर. संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्यानं सुरू केलेलं वाक्य त्यानंच संपवलं, असं क्वचितच घडलं होतं. तिला यात प्रेमाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. आणि होतं ते बरंचसं प्रेमच. उरलेला उतावळेपणा.

मग खाणीत नवा मुकादम आला आणि त्यानं दोन नियम आणले. वायरलेसशिवाय गाडी वर जाणार नाही, आणि केबिनमध्ये ड्रायव्हरशिवाय कुणी बसणार नाही. नियम वाईट नव्हते. वाट जेमतेम एका गाडीची, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी. प्रत्येक वळणाआधी थांबायला थोडी जागा होती. चढणाऱ्यानं वळणाचं नाव पुकारायचं, म्हणजे दगड भरून उतरणारा वरच थांबून राहील. पण या दोन नियमांनी या नवराबायकोची मात्र पाचावर धारण बसली.

"सोडून देऊ या का ही खाण?" तिनं विचारून पाहिलं.

त्यानं मान हलवली. तिला उत्तर आधीच माहीत होतं. गाडी तो कधीच अडखळत चालवत नसे. स्टिअरिंगवर हात ठेवला की हा माणूस घडाघडा वाचून दाखवल्यासारखा चालायचा. ही वाट सुटली तर तो घरात बसेल, आणि मग आहे तेवढं बोलणंही बंद होईल, ही भीती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. सगळं बोलणारी बाई एवढं मात्र बोलत नव्हती.

वायरलेसवाला आला. त्यानं डॅशबोर्डखाली पट्टी ठोकून सेट बसवला, बॅटरीपासून फ्यूज लावून वायर आणली आणि आरशाच्या दांड्यावर अँटेना चढवली. दांड्याचा रंग खरवडून तो म्हणाला, "लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे, नाहीतर नुसती खरखर." मग मीटर लावून त्यानं अँटेनाची काडी जरा वर, जरा खाली करून पाहिली. ती टॉर्च धरून उभी होती आणि अर्थातच सूचना देत होती.

"वहिनी, आता ऐका," तो माइक दाखवत म्हणाला. "हे बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. बोट बटणावर आहे तोवर तुम्हाला कुणाचं काही ऐकू येणार नाही. आणि दोघं एकदम बोललात तर नुसती शिट्टी वाजते, कुणाचंच कळत नाही."

"आमच्याकडे एकदम बोलायचा प्रश्नच येत नाही," ती म्हणाली. नवरा हसला.

तालीम सुरू झाली. तो ट्रकमध्ये बसला आणि ती फाटकाच्या खोलीत, तिथल्या सेटपाशी. त्यानं बटण दाबलं. "पु... पु..." आणि तिनं लगेच आपलं बटण दाबून टाकलं, "पुलाचं वळण, रिकामी गाडी, चढतोय!" त्याच्यापर्यंत त्यातलं अक्षरही गेलं नाही, कारण त्याचं बोट बटणावर होतं. आवारातल्या बाकी गाड्यांमध्ये मात्र अशी शिट्टी वाजली, की ड्रायव्हर कानांवर हात ठेवून खाली उतरले.

"वहिनी, बोट काढा!" वायरलेसवाला ओरडला. तिनं काढलं. पुढच्या खेपेला तेच. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही सवय अशी एका दिवसात जाते होय?

सकाळी तो एकटा वर गेला. पुलाच्या अलीकडे आला आणि 'पु'वर ओठ मिटले. आयुष्यभर असं झालं की तो दुसरा शब्द शोधायचा. पाण्याला 'ते ओलं' म्हणायचा, पंख्याला 'वारा'. पूल ओढ्यावर होता, म्हणून तो घाईनं म्हणाला, "ओढ्याचं वळण, रिकामी गाडी, चढतोय." शब्द अगदी सुरळीत आले. पण तोच ओढा खाली फाटकाजवळही रस्ता ओलांडत होता. वरून भरलेली गाडी आणणाऱ्याला वाटलं, हा अजून तळाशी आहे, तेवढ्यात आपण आरामात पूल गाठू. पुलावर दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. ब्रेक चांगले म्हणून निभावलं.

मुकादम वाईट माणूस नव्हता. "दादा, गाडी तुम्ही उत्तम चालवता," तो म्हणाला. "पण उद्या कुणाचा जीव गेला तर? जेवणानंतर आणखी एक फेरी करा. पुलाला पूलच म्हणायचं. नाही जमलं तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

ती फाटकाच्या खोलीत बसून राहिली. डबा उघडलाच नव्हता. समोर सेट, हुकाला माइक. शेजारी वही घेऊन बसलेल्या मुकादमानं तिला हाकललं नाही, हे त्याचे उपकार.

सेट खरखरला. "पु..."

नंतर काहीच नाही. नुसता इंजिनचा आवाज आणि त्याचा श्वास. त्याचं बोट बटणावर होतं. तिचा हात माइककडे गेला. एक शब्द, फक्त एक! पण तिला कळलं, की आपण बोललो तर शिट्टी वाजेल आणि वरच्या माणसाला त्याचा 'पु'सुद्धा ऐकू येणार नाही. इतकी वर्षं आपण असंच करत आलो की काय? तिला एकदम रडू आलं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"पु... पु..."

कुणी बोललं नाही. वाटेवर बऱ्याच गाड्या होत्या, प्रत्येकीत एक माइक होता, आणि एरवी ही जमात गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. पण एकानंही बटण दाबलं नाही.

"पु... पुलाचं वळण. रिकामी गाडी. चढतोय."

"ऐकलं, दादा," वरून आवाज आला. "भरलेली गाडी, वर थांबलोय. या तुम्ही."

मुकादमानं मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सेट पुन्हा खरखरला. पूल ओलांडून तो पलीकडच्या जागेत उभा होता.

"फाटक. मा... माझी बायको तिथे आहे का?"

मुकादमानं हुकावरचा माइक काढून तिच्या हातात दिला. तिनं बटण दाबलं. "आहे," ती म्हणाली आणि बटण सोडलं.

"जेवलीस का?"

सगळ्या वाटेला ऐकू जाईल असं त्यानं विचारलं होतं. घरात जेवायला बसताना तो नुसतं तिच्या ताटाकडे बघायचा आणि ती म्हणायची, 'हो, घेते मी.' हा प्रश्न त्यानं कधी पुरा विचारलाच नव्हता. तिनंच कधी विचारू दिला नव्हता.

तिनं बटण दाबलं. तोंड उघडलं. गळ्यात हुंदका असा काही अडकला होता, की शब्द फुटेना. "मी..." एवढंच आलं. तिनं घाबरून बटण सोडलं.

मग त्याचा आवाज आला. त्याला कसलीही घाई नव्हती.

"बोल. मी थां... थांबलोय."