तिच्या नावाचा रकाना

नाकात मारायचा तो पांढरा फवारा, अंगठ्याएवढा, लेलंडच्या कोटाच्या खिशात होता, वेष्टनही न फाडलेला... आणि क्लॅमथ नदीच्या मुखाशी तो सॅमन मासे साफ करत होता, तेव्हा मेहुणी रोझलिन काठावरून धावत आली. तिनं तोंड उघडण्याआधीच त्याचा हात खिशाकडे गेला. नशेच्या गोळ्यांनी श्वास थांबला तर मारायचा फवारा. तो घरी हवा होता, बायकोजवळ.

ती गेली, त्याला सहा आठवडे झाले. कोट तोच.

आज जमातीच्या व्यसनमुक्ती केंद्रात ओकच्या फळांच्या पेजेचा वास होता. नर्स व्यसन सोडवायचं औषध देत होती, बायका टोपल्या विणत होत्या. इथे कुणी कुणाला लाजवत नाही, म्हणून त्या येतात. रोझलिननं सरकारी अनुदानाचा फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता: गेल्या वर्षीच्या अर्जात जिची गोष्ट दिली होती, तिची सध्याची स्थिती. खाली कुटुंबीयाची सही. ती गोष्ट त्याच्या बायकोचीच होती. चार वर्षं गोळीला हात नाही. तिचा फोटो अजून भिंतीवर आहे, मांडीवर टोपली, हसणारा.

"काय लिहू?"

"गेलेल्याचं नाव आम्ही वर्षभर घेत नाही, एवढंच लिहा, भावोजी. हल्ली ते अनुदानवाले आपल्या रिवाजाला मान देतात. कॉफी पितात, माना डोलवतात."

"म्हणजे रिवाजाआड लपायचं."

"मग खरं लिहा. अनुदान गेलं की अकराजणींना औषधासाठी दोन तासांवर जावं लागेल. तुम्ही नेणार? तुमच्या गाडीचं दार तर दोरीनं बांधलंय."

त्याला हसू आलं... बायकोही हसली असती, दोरी तिनंच बांधली होती...

खिडकीपाशी त्या अकराजणींतली शेल्बी बसली होती. तासभर टोपलीची तीच ओळ, हातात गवताची काडी, मान हळूहळू खाली — मग दचकून वर. डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. कुणीतरी तिच्यापुढे पेज ठेवली आणि पुढे गेलं. रोझलिननं पाहिलं, फॉर्मकडे मान वळवली.

हे त्यानं आधी पाहिलं होतं. मार्चमध्ये, स्वयंपाकघरात, अशीच मान, अशाच बाहुल्या, आणि आपण — मी — चहाचा कप तिच्यासमोर ठेवून बाहेर जाळं दुरुस्त करायला गेलो. कसं विचारणार? फोटोतल्या बाईला कसं विचारायचं, पुन्हा सुरू केलंस का? रोझलिनलाही दिसलं असेल. सगळ्यांनाच दिसलं असेल. ती जिवंत होती, तेव्हा नाव घ्यायला कसली बंदी नव्हती. तरी कुणी हाक मारली नाही.

"शुक्रवारी पाठवायचाय," रोझलिन हळूच म्हणाली.

त्यानं पेन उचललं. दुसरा हात खिशात होता, फवाऱ्यावर.

रकाना कोरा आहे. शेल्बीला अजून कुणी काही विचारलेलं नाही.