ओकुमुरांची ओसरी

धिरड्याचं पीठ तव्यावर ओतलं की ते मधोमध थांबायचं नाही, डावीकडे धावत सुटायचं. अश्लेषाने आधी दोष दिला तव्याला, मग जपानी तांदळाच्या पिठाला. एके सकाळी दार उघडं असताना शेजारच्या ट्रेलरमधल्या आजोबांनी हा प्रकार पाहिला. ते आपल्या ट्रेलरमध्ये गेले आणि पातळी तपासायची स्पिरिट लेव्हल घेऊन आले. गॅसशेजारी ठेवल्याबरोबर तिच्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. आजोबांनी बाहेर जाऊन तिच्या ट्रेलरच्या एका चाकाखाली लाकडी पाचर ठोकली, परत येऊन बुडबुडा पाहिला, पुन्हा ठोकली.

"तवा निर्दोष आहे," ते म्हणाले.

ते ओकुमुरा-सान. सगळी हयात सुतारकामात गेलेली.

हे सत्त्याण्णव सालचं. अश्लेषाचा नवरा धीरज क्योतोच्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. बिवा सरोवराच्या तळाशी हिवाळ्यात ऑक्सिजन किती पोचतो, हा त्याचा विषय. क्योतोतले घरमालक परदेशी म्हटल्यावर हसून, कमरेत वाकून नाही म्हणायचे. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका सीनियरच्या ओळखीने सरोवराकाठच्या कॅम्पच्या जागेतला हा जुना ट्रेलर भाड्याने मिळाला. गाडीला जोडून ओढत न्यायची एक खोली. टेबल दुमडलं की पलंग होणार, पलंग उचलला की तांदळाचा डबा सापडणार. केमिस्ट्रीत एमएस्सी करून आलेली अश्लेषा संध्याकाळी स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, पार्टटाइम काम करायची. दिवसभर बोलायला कोणी नव्हतं. ओकुमुरा-सान होते.

त्यांच्या ट्रेलरला त्यांनी स्वतः बांधलेली ओसरी होती, दाराच्या उंबऱ्याला समपातळीत, सरोवराकडे तोंड करून. बायको साचिको आजारी पडली तेव्हा तिला पायरी उतरायला लागू नये म्हणून बांधलेली. साचिको तीन वर्षांपूर्वी त्या ओसरीवरच गेली. आता तिथे रोज दुपारी ओकुमुरा-सान आणि अश्लेषा चहा घेत. तिचं नाव त्यांच्या जिभेवर 'आशुरेशा' व्हायचं. तिने मुळ्याची कोशिंबीर नेली की ते तिला आपल्या मुळ्याच्या लोणच्यापेक्षा कमी गुण द्यायचे. तिने कचऱ्याची पिशवी ठरलेला वार सोडून भलत्याच वारी ठेवली तर मुकाट तिच्या दारात परत आणून ठेवायचे. मुलगा नागोयाहून फोन करायचा, आमच्याकडे या म्हणायचा. नवव्या मजल्यावर राहतो, ओकुमुरा-सान सांगायचे, आणि खिडकी उघडली की सुनेला सर्दी होते.

जूनमध्ये नगरपालिकेची नोटीस आली. कधीही ओढून नेता येईल तो ट्रेलर वाहन, जमिनीला जखडलेला असेल तर ते घर. आणि या जागेवर घराला परवानगी नाही. पंधरा दिवसांनी पाहणीला येऊ, जागचा न हलणारा ट्रेलर मोडीत काढावा लागेल. अश्लेषाच्या ट्रेलरला काही धोका नव्हता. ओकुमुरांच्या ओसरीचे खांब मात्र काँक्रीटमध्ये गाडलेले होते, आणि ट्रेलर ओसरीला बोल्टांनी बांधलेला होता.

त्या आठवड्यात ओकुमुरा-सान दोनदा चहा करायचा विसरले. मग अश्लेषानेच सुचवलं, ओसरी सुटी करू. माणसं येतील, बघून जातील. दुसऱ्या दिवशी परत जोडू.

त्यांनी फळ्यांवरून हात फिरवला.

"सुटी होईल," ते म्हणाले. "मी बांधलीय. मला माहितेय कुठे सुटते ते."

पाहणीच्या आदल्या दिवशी तिघांनी मिळून ती उतरवली. ओकुमुरा-सान प्रत्येक फळीच्या टोकावर शाईने एकेक अक्षर लिहीत होते, जपानी सुतार लिहितात तसं, परत जोडताना क्रम चुकू नये म्हणून. अश्लेषा ती अक्षरं मोठ्याने वाचत फळ्या रचत होती. धीरजने चाकांत हवा भरली. खांब करवतीने जमिनीलगत कापावे लागले, तेव्हा मात्र ओकुमुरा-सान आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नगरपालिकेचे दोघं आले. धीरजने प्रयोगशाळेची व्हॅन जोडली. ट्रेलर कण्हला, हलला, थोडा पुढे गेला आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राहिला. त्या दोघांनी मान डोलावली, वाकून नमस्कार केला आणि गेले. ओकुमुरा-सान एवढे हसले की त्यांना खोकला लागला. सकाळी उजाडताच जोडायला घेऊ, म्हणाले. अश्लेषाने विचारलं, तोवर पायरी म्हणून काहीतरी ठेवू का. एका रात्रीसाठी कशाला, असं म्हणत ते उंबऱ्यावर टेकले, पाय वर घेतले आणि शाळकरी पोरासारखे आत सरकले. सपाता खालीच राहिल्या, एक इकडे, एक तिकडे.

अश्लेषाने त्या उचलल्या. रोज दारासमोर असायच्या तशा जोडीने, पुढची बाजू सरोवराकडे करून, सरळ रेषेत लावल्या. तिथेच, पण आता उंबऱ्याच्या पाऊण मीटर खाली, जमिनीवर.

सकाळी पीठ भिजवताना तिला आवाज आला. पोतं टाकावं तसा. ती धावली. ओकुमुरा-सान दाराखाली कुशीवर पडले होते. एक सपात त्यांच्या पोटाखाली होती. दुसरी तिने ठेवली होती तशीच होती, तसूभरही न हललेली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा नागोयाहून आला, अश्लेषाचे आणि धीरजचे आभार मानून वाकला, वडिलांना एकट्याला राहू दिलं म्हणून माफी मागून पुन्हा वाकला. आता त्यांना तिकडेच नेणार होते. ते काठीने तरी चालू शकतील की नाही, हे डॉक्टरांना नक्की सांगता येत नव्हतं.

अश्लेषा हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा ते छताकडे बघत पडले होते. तिने घरून वाक्य तयार करून आणलं होतं. ते जमलं नाही.

"सपाता मी ठेवल्या होत्या," ती म्हणाली.

"दिसल्या की. छान ठेवल्या होत्या. साचिको ठेवायची तशाच."

ओकुमुरा-सानांनी पांघरुणावरून कमरेवर हात ठेवला.

"डोक्याला ठाऊक होतं हो, आशुरेशा-सान. पायाला सांगायचं राहून गेलं."

पुढच्या आठवड्यात ट्रेलर न्यायला मुलाने ठरवलेला ट्रक आला. ड्रायव्हरने ट्रेलरभोवती चक्कर मारली, चाकांवर लाथ मारून पाहिली आणि खूष झाला. असे जुने ट्रेलर जमिनीतून उपटायला दिवस जातो, हा म्हणजे तयारच आहे, म्हणाला. त्याने चहा घेतला नाही. चहा व्हायच्या आतच काम झालं.

फळ्या राहिल्या. कॅम्पच्या मालकाने सांगितलं, एवढं लांब लाकूड कचऱ्यात घेत नाहीत, कापून ठेवा. रविवारी धीरजने करवत घेतली. अश्लेषा एकेक फळी धरत होती, पहिल्या अक्षरापासून, क्रमाने. धीरज म्हणाला, कोणतीही दे ना. तिने ऐकलं नाही. कापलेले तुकडे तिने दोरीने बांधले आणि जळाऊ कचऱ्याच्या वारी, बरोबर त्या वारी, नेऊन ठेवले. कोणी परत आणले नाहीत.

पावसाने जमीन भुसभुशीत झाली. एके सकाळी तव्यावरचं पीठ डावीकडे सरकलं.

"पाचर बसली असेल खाली," धीरज म्हणाला. "ठोकून येऊ का मी?"

"मी जाते," अश्लेषा म्हणाली.

तिने गॅस बंद केला, हातोडी घेतली आणि दार उघडलं. पायरी होती, रोजचीच, लोखंडी. तरी तिने चौकट घट्ट धरली, आणि पाय खाली सोडून बोटांनी चाचपत राहिली.