काकांशिवायचा अभंग

चौऱ्याण्णव साली आमच्या पुष्करनं ऑर्केस्ट्रातली ड्रमची नोकरी सोडली. "काकू, सहा वर्षं गाणाऱ्यांच्या मागं बसून बडवलं. आता मी एकटा!" म्हणाला. एकटा काय करणार, तर डब! म्हणजे गाण्यातून गाणारा काढून टाकायचा, ठेका ठेवायचा आणि मधूनच एखादा शब्द यंत्रात घालून घुमवायचा. सिंगापूरहून यंत्र आलं आणि तारनाक्याच्या आमच्या माडीवर दिवसभर धुम्म, धुम्म. खाली माझ्या लोणच्याच्या बरण्या फळीवर चालायला लागल्या!

आमचे हे, एकनाथराव, भजनी मंडळाचे मुख्य गायक. मुख्य अशासाठी, की पेटी यांची आणि सतरंजीही यांचीच. सूर यांना जन्मात सापडला नाही, पण सांगायची कुणाची छाती? यांनी पुतण्याला बजावलं, "माझा अभंग टेप कर. गुरुवारी मंडळाला ऐकवू. आवडला तर माडी तुझी. नाही तर मुकाट्यानं औरंगाबादला मामाच्या दुकानात जायचं." आम्हाला मूलबाळ नाही. तो गेला असता तर घर खायला उठलं असतं मला.

गुरुवारी टेप लागली. टाळ, ठेका, खालून धुम्म. यांचा आवाज? नाहीच! दोन मिनिटांनी एकदाच "विठ्ठला" आलं आणि घुमत घुमत विरून गेलं. मेल्यानं काकांनाच काढून टाकलं होतं! मी डोळे गच्च मिटले. उघडले तर सगळं मंडळ डोलतंय. मंडळातल्या रंजनाताई डोळे पुसत होत्या.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकला हो अभंग," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

टेप संपली. हे उठले आणि पुष्करला कडकडून मिठी मारली.

"हौ रे बेटा! माझ्यासाठी सगळी जागा मोकळी सोडलीस! पुन्हा लाव. आता मी गातो."

"काका, नक्को... ती जागा तशीच—"

"लाव रे!"

पुष्करनं माझ्याकडे बघितलं. मी निर्लज्जासारखी मान हलवली. त्यानं बटण दाबलं आणि यांनी तोंड उघडलं. रंजनाताईंनी पुन्हा डोळे पुसले.

"माडी तुझी," अभंग संपल्यावर हे म्हणाले. "आणि दर गुरुवारी आपण दोघं."

पोर घरात राहिलं, याचा मला इतका आनंद झाला, की त्याच्या तोंडाकडे मी बघितलंच नाही.