तीनशे ऐंशीतलं एक

एल्डन म्हातारा चाळीस वर्षं आपली काडतुसं आपणच भरत आला. दुसऱ्याच्या हातचं काडतूस पिस्तुलात घालायचं नाही, हा त्याचा हट्ट. पोटच्या पोराचंही घातलं नाही त्यानं. पण यंदा हात थरथरायला लागले, तसं त्यानं सुनेला, मार्लाला, गॅरेजात काडतुसं भरायच्या नव्या यंत्रासमोर, प्रेससमोर, उभं केलं. प्रेस जोडायलाच दोघांचे तीन रविवार गेले. दांडा ओढला की तबकडी एक घर पुढे सरकायची. एका घरात पुंगळीत बंदुकीची दारू पडायची, पुढच्यात गोळी बसायची, शेवटच्यातून तयार काडतूस डब्यात. दांडा मध्येच अडकला तर तबकडीवरचं सगळं काढून टाक, हे त्यानं तिला शंभरदा बजावलं असेल.

दांडा अडकला तो नेमका म्हातारा शेजारी उभा राहून फोनवर नेमबाजीच्या क्लबातल्या दोस्ताला तिचं कौतुक सांगत होता तेव्हा. सून जात्याच हुशार, शनिवारी स्पर्धेत तिचीच काडतुसं वापरणार, असं सगळं. आता त्याच्यादेखत कुठे थांबायचं? मार्लानं दांडा हळूच मागे घेतला, पुन्हा ओढला, आणि पुढे चालू. तबकडी मध्ये सरकली होती का? की त्याच घरात दारू दोनदा पडली? तसं असेल तर पिस्तूल हातातच फुटायचं. डबा भरेपर्यंत तिचं तिलाच कळेना. वजन करून पाहावं तर पितळी पुंगळ्या दहा ठिकाणच्या, प्रत्येकीचं वजन वेगळं, काही पत्ता लागेना. सांगावं तर त्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. तीन दिवस असेच गेले.

शनिवारी क्लबात सगळे भोवती जमले. म्हाताऱ्यानं पिस्तुलात दहा काडतुसं घातली, ते उचललं, आणि मार्लानं त्याचं मनगट धरलं.

"एल्डन, नका. एकात दुप्पट दारू असेल. कुठल्यात, मला माहीत नाही."

कुणीतरी हसलं. म्हातारा लालबुंद झाला. ती दहा काडतुसं शर्टाच्या खिशात टाकून तो गाडीत जाऊन बसला. संपलं, मार्लाला वाटलं. आता हा मला प्रेसला हात लावू देणार नाही. आणि खरं सांगायचं तर तिला मनातून हायसंच वाटलं.

घरी आल्यावर दोघं गॅरेजात समोरासमोर बसून एकेक काडतूस उघडत राहिले. तीनशे सत्तर झाली, सगळी ठीक. मग म्हाताऱ्यानं खिसा रिकामा केला. चौथ्यातली दारू वजनकाट्यावर ओतली, तर बरोब्बर दुप्पट.

तो बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मार्लाला रडू फुटलं.

"हे चारचौघांत बोलायला छाती लागते," तो म्हणाला. "माझ्यात नसती. आता मरेपर्यंत तुझ्याच हातची."

त्यानं स्टूल तिच्यासाठी प्रेससमोर सरकवलं. मार्लानं डोळे पुसले आणि दांडा धरला. आता तिचेही हात थरथरत होते.