पडद्यावरचं फेबियन सरांचं नाव

मित्रांनो, उमेळे गावातल्या एका घरात विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली जो चौकोनी उंचवटा दिसतो, तो मी. जुना संगणक. नवे पाहुणे मला मायक्रोवेव्ह समजतात. एकानं तर माझ्यात पाव गरम करून मागितला होता.

माझे मालक फेबियन तुस्कानो सर ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांनी माझ्यावर गणिताचं एक विकतचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. फार देखणं. साधा आलेख मागितला तरी लग्नाच्या मांडवासारखा सजवून आणायचं. ते उघडलं की आधी सरांचं पूर्ण नाव झळकायचं, कारण परवाना त्यांच्या नावावर होता. सर ते मोठ्यानं वाचायचे आणि स्वतःच म्हणायचे, "हजर."

निवृत्तीनंतर सर विसरू लागले. आधी चष्मा, मग जेवण, मग घराचा रस्ता. पण सकाळचं 'हजर' चुकलं नाही. ते कानावर पडलं की त्यांची मुलगी प्रिस्का निवांतपणे चहा टाकायची.

एके दिवशी नावाऐवजी नुसतीच सूचना आली. सरांनी ती नीट वाचली आणि प्रिस्काला म्हणाले, "माझी मुदत संपली म्हणतोय. फादरना कळवलंस का?"

कंपनीनं ती आवृत्ती बंद केली होती, आणि नवी माझ्यासारख्या म्हाताऱ्याला झेपणारी नव्हती. मग प्रिस्कानं फुकटातलं सॉफ्टवेअर आणलं. देशोदेशीच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून लिहिलेलं. त्याचे आलेख घरच्या कपड्यांतच बाहेर यायचे. पण सरांच्या जुन्या आज्ञा त्याला कळायच्या, आणि तीस अंशांचं साइन त्याच्याकडेही अर्धंच यायचं. फक्त ते कुणाचं नाव दाखवत नसे. सर त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. म्हणाले, हा वर्ग दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

फुकटच्याची एक गोष्ट मात्र मोठी. त्याचं पोट उघडं. हवं ते बदला, कुणी रागवत नाही. प्रिस्कानं शिकून शिकून त्यात एक ओळ घातली. सकाळी नाव झळकलं. सर म्हणाले, "हजर." आत दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही.

मला वाटलं, जिंकलो. विकतच्यानं मुदतीपुरतं लक्षात ठेवलं, फुकटचं कायमचं ठेवील. पण विसरणारं फक्त विकतचंच नव्हतं, सरही होते, हे माझ्या हिशेबात आलंच नाही.

परवा सरांनी नाव वाचलं आणि थांबले. खोलीभर नजर फिरवली.

"फेबियन तुस्कानो आलाय का?"

दारात उभी असलेली प्रिस्का पुढे आली. मग ती म्हणाली, "हजर, सर."

"मग बस," म्हणत सर उठले आणि तिला खुर्ची देऊन बाहेर गेले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या, ती मला उबदार वाटते. पण माझ्यासारख्यासमोर कुणी म्हातारं माणूस बसलेलं दिसलं, तर त्याला नावानं हाक मारत जा. आम्हाला नुसतं लिहून दाखवता येतं.